चार नंबर

इलाही मिस्त्रीनं आधी बॉनेटला हात लावला नाही.
दोन कटिंग सांगितले
आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसला,
दारातल्या चपलांवरून पाहुणा ओळखावा
तसा धुराकडे बघत.

"पांढरा नाही, म्हणजे पाणी नाही.
निळा नाही, ऑइल पीत नाही.
काळा आहे, तोही तुटक तुटक.
कधीपासून?"
"चार दिवस झाले," मी म्हणालो.

मंतरवाडीच्या चौकातून कचऱ्याचे डंपर चाललेले.
त्या गदारोळातून तो माझ्या गाडीचा आवाज
तांदळातल्या खड्यासारखा वेचत होता.
डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला,
बत्तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी बसून गेला तो.
उजव्या कानाला लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ,
टोक इंजिनच्या अंगावर.
"जाकीर, रेस दे. अजून. बास, सोड."

बारा-दहा मॉडेल,
माझ्या थोरल्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.
साताऱ्याकडून आल्याची पोती भरली
की शिंदेवाडीचा चढ तिसऱ्यावर निघायचा,
आता दुसऱ्यावर काढतो.
तिसरा नेमका कधी सुटला, आठवत नाही.
माणूस दुखरी दाढ वगळून चावतो
आणि म्हणतो, जेवण झालं.

मग सतराचा पाना.
एकेका पाइपाचा नट अर्धा आटा ढिला.
एक नंबर सोडला, इंजिन लंगडलं.
आवळला.
पाच सोडला, लंगडलं,
डिझेलची पिचकारी जाकीरच्या बनियनवर.
तीन. सहा. दोन.
पेटतात त्याच क्रमानं हाक मारत होता तो,
आणि जो तो ओ देत होता.

चार सोडला.
काहीच झालं नाही.

"हा बघ," मिस्त्री म्हणाला,
"ह्याला काढला तरी गाडीला पत्ता नाही.
पाचांच्या जोरावर नुसता वरखाली चाललाय."

ग्लासातला चहा निवला माझ्या.
महिन्यातले बावीस दिवस मी रस्त्यावर.
घरी मला धरून सहा:
आई, वैजयंता, दोन पोरं, धाकटी बहीण.
माझा नट कुणी अर्धा आटा ढिला केला
तर आमच्या घराचा आवाज बदलेल का?
असलं मिस्त्रीला विचारत नसतात.
मी विचारलं, "नोझल गेला?"

"सगळ्यांना नोझलच दिसतो."
त्यानं चारचा नोझल दोनला बसवला, दोनचा चारला.
स्टार्टर. परत सतराचा पाना.
दोन खणखणीत बोलला.
चार तसाच मुका.
"नोझलवर आळ नको. मागं चल, पंपाकडं."
पंपाच्या डोक्यातून चिमट्यानं काहीतरी उचललं
आणि माझ्या तळहातावर ठेवलं.
एवढीशी स्प्रिंग, डिलिव्हरी व्हॉल्व्हची,
दोन तुकडे,
तुटल्या कडा घासून घासून गुळगुळीत.

"ही काय चार दिवसांतली नाही," तो म्हणाला.
मी डंपर मोजत राहिलो.

नवी स्प्रिंग यायला भवानी पेठेत माणूस गेला, आला.
दिवेलागणीला इंजिन चालू ठेवूनच घरी फोन लावला.
"मंतरवाडीत आहे. उशीर होईल."
तिकडे कुकरची शिट्टी, पोरांची मारामारी,
आणि वैजयंता मध्येच गप्प.
"दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलाय का?
आपली तर दिवाळीपासून
अडखळतच येते गल्लीत.
रात्री तेवढं ऐकूनच आई कडी काढायला उठतात."

इलाही मिस्त्री चिंधीनं बोटं पुसत होता,
उजवा कान माझ्याकडे.
"किती दिवस म्हणालास?"